माझ्या सहीवाचून अडलेलं दुकान

मांडवीतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे ताईचं दुकान. भावोजी गेल्यावर ती माहेरी परत आली आणि त्या खोलीच्या खिडकीतून कोकमाचं आगळ, आमसुलं, फणसपोळी विकायला लागली. खिडकी उंच, ताई बुटकी. म्हणून लाकडी पाटावर उभी राहून गिऱ्हाईक करायची, दिवसभर, वीसेक वर्षं.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिने ठरवलं, खिडकी काढून रुंद दार करायचं आणि बसल्या जागेवरून हात पोचेल असा ओटा घालायचा. "उभं राहवत नाही रे आता. बसून केलं तर अजून दहा वर्षं ओढीन," म्हणाली. दुकान बंद पडलं तर खायचं काय? मेली असती, पण माझ्या दारात हात पसरायला आली नसती.

आळीतल्या लोकांनी असली दारं कुणाला न विचारताच फोडली होती. ताई मात्र सरळमार्गी, गेली नगरपरिषदेत. तिथल्या कारकुनाने सांगितलं, "बाई, जागा रहिवासी झोनमधली. दुकान वाढवायचं तर नकाशा मंजूर करून घ्यावा लागेल. आणि मिळकत पत्रिकेवर भावाचंही नाव आहे, त्याची संमती आणा."

तो भाऊ म्हणजे मी.

ती रिक्षा करून माझ्या फ्लॅटवर आली. संमतीपत्र टाइप करून आणलेलं, सोबत माझ्यासाठी फणसपोळी. लहानपणी माझा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेणारी बाई ही. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून माझं सगळं हिनेच केलं. आणि मी काय म्हटलं? "ठेव, वाचून बघतो." वाचायचं काय होतं डोंबल! दहा ओळी. पण डोक्यात किडा वळवळला. आज सही दिली आणि उद्या ताईने सगळ्या घरावरच हक्क सांगितला तर? माझ्या मुलाला काय राहील? कागद कपाटात गेला.

ती फोन करायची. मी म्हणायचो, "हो गो, बघतो." एकदा चिडून म्हणाली, "मेल्या, सही मागत्ये तुझी, किडनी नाही!" आणि स्वतःच हसली. मीही हसलो. आता सांगताना लाज वाटते. वर्षभर ते भिजत घोंगडं तसंच ठेवलं मी.

मग एका सकाळी गिऱ्हाइकाला आगळाची बाटली देताना ती पाटावरून पडली. खुबा मोडला. इस्पितळातून घरी आलो तो चप्पलही न काढता कपाट उघडलं आणि सही केली. नगरपरिषदेत कागद मीच नेऊन दिला, हेलपाटे मीच घातले. मंजुरी आली, शिक्क्यासकट. तोवर डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता चालणं नाही, बसणंही उशांच्या आधाराने, घटकाभर.

मी सगळे कागद तिच्या हातात दिले. म्हटलं, "ताई, झालं काम. उद्या गवंड्याला बोलावतो."

तिने नकाशाकडे बघितलंच नाही. खालचं संमतीपत्र वर काढलं, चष्मा लावला आणि माझी सही बघत राहिली.

"अक्षर चांगलं राहिलंय हो तुझं," म्हणाली, आणि कागदांची घडी घालून मला परत दिली.