म्हण, देव मोठा नाही

पहिला फटका पडला तेव्हा आमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले होते.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना चालू असताना कुणी डोळे उघडत नाही. आमेन होईपर्यंत नाही. लेकरानं एक डोळा किलकिला केला तरी त्याची माय मांडीला चिमटा काढते. त्या रविवारी सकाळी आमच्या पत्र्याच्या शेडात पाळक प्रार्थना करत होते. तू मोठा आहेस, तुझ्याहून मोठं कुणी नाही, असं म्हणत होते. तेवढ्यात दार आपटलं. धप्प असा आवाज झाला आणि कुणीतरी कळवळून ओरडलं. आम्हाला वाटलं, कुणाला तरी आत्म्यानं गहिवरून आलं. आमच्यात तसं होतं. लोक रडतात, ओरडतात, खाली पडतात. म्हणून आम्ही तसेच बसून राहिलो. हात जोडून, मान खाली घालून. मारणाऱ्याला याहून सोपं काय पाहिजे.

दुसरा फटका माझ्या शेजारी पडला. माझ्या गालावर काहीतरी ओलं उडालं. मी डोळे उघडले. शेजारच्या सखूमावशीचं डोकं फुटलं होतं. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते आणि ओठ हलत होते.

सात-आठ जण होते. हातात पाईप, कमरेचे पट्टे, एकाकडे क्रिकेटचा स्टम्प. कुणीही तोंडाला रुमाल बांधला नव्हता. तशी गरजच त्यांना वाटली नाही.

पुढं भैय्या होता. ज्यांच्या शब्दाबाहेर गावात पान हलत नाही त्या घरचा मुलगा. त्याला सगळे भैय्याच म्हणतात. माझे बाबा त्यांचा ट्रॅक्टर चालवायचे. आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत बाबांनी त्यांचंच रान नांगरलं होतं. भैय्या लहान होता तेव्हा बाबा त्याला खांद्यावर बसवून कपिलधारच्या जत्रेला न्यायचे. ही गोष्ट बाबा आम्हाला कौतुकानं सांगायचे.

त्यांनी पाळकांना शर्टाला धरून ओढलं. चष्मा पडला, त्यावर कुणाचा तरी बूट पडला. मग त्यांच्या हातावर बूट पडला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. बायबलची पानं फाटून सतरंजीवर पसरली होती आणि त्यावरून माणसं धावत होती.

"कुठाय बे तुझा मोठा द्येव?" भैय्या पाळकांना म्हणाला. "फोन लाव त्याला. स्पीकरवर टाक, आमी बी बोलतो."

बाकीचे हसले. हसता हसता मारत होते. मायनं मला पोटाशी धरलं, तर तिच्या मनगटावर पाईप बसला. तो हात एकदम भलतीकडेच वळला. माय ओरडली नाही. नुसती खाली बसली.

तेव्हा बाबा पुढं गेले. बायामाणसं आहेत, जाऊ द्या, एवढंच म्हणाले. भैय्यानं त्यांच्या कानाखाली मारली. पन्नाशीच्या माणसाला पंचविशीतल्या पोरानं. मग कॉलर धरून त्यांना गावाच्या पारापर्यंत नेलं. मला वेणीला धरून मागून आणलं.

पारावर गाव जमलं होतं. ओळखीची माणसं. ज्यांच्या शेतात मायनं खुरपलं त्या बाया. एकजण मोबाईलवर सगळं घेत होता.

भैय्यानं बाबांना सांगितलं, "नाक घास. अन् म्हण, द्येव मोठा न्हाई."

बाबा उभेच राहिले. आमच्या मंडळीत बाबा वडील आहेत, म्हणजे मंडळीचं बरंवाईट बघणारे. संध्याकाळी आम्हा लेकरांना जवळ घेऊन देव किती मोठा आहे ते त्यांनीच शिकवलं. मला वाटलं, बाबा म्हणणार नाहीत. मला वाटलं, आता काहीतरी होईल. खरंच वाटलं. मी वर बघितलं. वर लिंबाची पानं होती आणि दुपारचं होऊ घातलेलं ऊन.

मग भैय्यानं माझ्या वेणीला झटका दिला. माझे गुडघे दगडावर आपटले. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते खाली वाकले. नाक पाराच्या दगडाला लावलं. घासलं. म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज न्हाई आला मामा, पुन्हा." बाबा पुन्हा म्हणाले.

आम्हाला बीडच्या सरकारी दवाखान्यात न्यायला गावात कुणी गाडी दिली नाही. मांजरसुंब्याहून माल घेऊन आलेल्या एका फळवाल्या चाचांनी टेम्पो थांबवला. त्यांनी काही विचारलं नाही. "अंगूराचे खोके सरकव बेटा अन् मायला टेकून बसव," म्हणाले. बीडपर्यंत मी पाळकांचा हात माझ्या ओढणीत धरून बसले होते. बाबा एका कोपऱ्यात पाठ करून बसले होते. त्यांच्या नाकाची साल गेली होती.

तो व्हिडिओ माझ्याआधी माझ्या कॉलेजात पोचला. मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. बीडला मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहते. मैत्रिणीचा मेसेज आला, हे तुझे पप्पा आहेत का? मी हो लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

दवाखान्यात माय खाटेवर पडली होती. हाताला प्लास्टर. मी तिला जे बोलले ते लिहायला मला जड जातं, पण लिहिते. मी म्हणाले, तुमचा देव मोठा आहे ना, मग त्यानं बघितलं नाही का? त्याचे पण डोळे मिटलेले होते का?

मायनं प्लास्टरचा हात पोटावर नीट ठेवला. मग म्हणाली, "द्येव मोठा हाय म्हंजे आपल्याला मार बसत न्हाई, आसं तुला कुनी सांगितलं? त्याच्या सोताच्या लेकराला बी मारलंच की लोकांनी."

थोड्या वेळानं परत म्हणाली, "भैय्याला कावून एवढा राग आला, त्याचा इचार कर. आपुन त्याच्याहून मोठं कुनीतरी हाय म्हनतो ना, ते त्याला खपत न्हाई."

मी खाटेच्या लोखंडाला डोकं टेकून बसले. लहानपणापासून माझ्या मनात देव म्हणजे एक जास्त मोठा मालक होता. भैय्याच्या बापाहून मोठा वाडा असलेला, वेळ आली की आपली माणसं पाठवणारा. तो देव त्या दिवशी पारावर मेला. बरं झालं. मायचा देव वेगळा होता. तो आला नव्हता, पण त्याचं नाव ऐकून भैय्याला पाईप घेऊन यावं लागलं होतं. ज्याला आपण मोठे आहोत याची खात्री असते तो रविवारी सकाळी म्हाताऱ्या बायकांची डोकी फोडत फिरत नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला मी गेले. बाबा सोबत होते, पण ते बोलत नव्हते. बाहेर भैय्याची गाडी उभी होती. आत जमादार चहा पीत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, बाबांना नाही.

ते समजुतीच्या सुरात बोलले. तू शिकलेली हायस म्हणाले. पाळकानं आमिष दाखवून बोलावलं, गावातली पोरं जाब विचारायला आली, ढकलाढकली झाली, एवढं लिहू. मिटून जाईल. बापाचं काम पण राहील.

मी म्हणाले, पाळकांनी काही आमिष दाखवलं नाही.

"मंग फुकट जाता व्हय तुमी? काय दिलं त्यानं?"

मी म्हणाले, "त्यांनी माझ्या मायला ताई म्हटलं. गावात तिला ए म्हणतात."

जमादारांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी मला खरी अडचण सांगितली, आणि ती मला आधीच माहीत होती. माझ्या दाखल्यावर हिंदू मांग लिहिलेलं आहे. आमच्यातल्या पुष्कळांचं असंच आहे. कागदावर एक आणि रविवारी एक. ख्रिस्ती म्हटलं की अनुसूचित जातीचा दाखला जातो. दाखल्यावर माझी शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहातली खाट आहे. ॲट्रॉसिटीचा कायदाही त्याच दाखल्यावर लागतो.

"सांग मंग," ते म्हणाले. "हिंदू म्हनशील तर प्रार्थना कशाची चालली होती? पाळकानं फसवलं म्हनून लिहितो. ख्रिश्चन म्हनशील तर ॲट्रॉसिटी विसर अन् कॉलेज बी विसर. काय लिहू?"

मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते. मला वसतिगृहाची खोली आठवली. खिडकीजवळची माझी खाट. खूप भीती वाटली. भैय्यानं माझ्या बापाकडून जे वेणी ओढून म्हणवून घेतलं, तेच हे लोक माझ्याकडून चहा पीत म्हणवून घेत होते. फरक एवढाच की इथं मला खुर्ची दिली होती.

मी खुर्चीवरून उठले.

"ख्रिस्ती लिहा," मी म्हणाले. "आणि पुढं लिहा, मी नावं सांगते."

पहिलं नाव मी भैय्याचं सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. जमादार लिहीनात. मी परत सांगितलं. तेव्हा भिंतीजवळून बाबा बोलले. कालपासून पहिल्यांदा. "ल्हिवा साहेब. माझी पोरगी सांगतीय ते." मग दुसरं नाव त्यांनी सांगितलं. तिसरं मी.

बाबांचं काम त्याच संध्याकाळी गेलं. वसतिगृह कधी जाईल ते माहीत नाही. सखूमावशीच्या डोक्याची जखम भरतेय, पण पाळकांची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. भैय्याला जामीन झाला आणि गावात फटाके वाजले. रोज कुणीतरी घरी येऊन सांगतं, पोरीचं लग्न व्हायचंय, तक्रार मागं घ्या.

घेणार नाही. कोर्टात मला बोलावतील. मला विचारतील, मारणारा इथं आहे का. मी हात उचलून भैय्याकडे बोट दाखवीन, आणि जजसाहेब लिहून घेईपर्यंत ते खाली घेणार नाही.