कपाळावरचा एम

पोस्टिंग उत्तरेला होतं, उंचावरच्या एका पिकेटवर, म्हणजे चौकीवर. मी नाईक, नर्सिंग असिस्टंट. हवालदार हिराजी म्हात्रे माझा बडी. पलटणीत दोघादोघांची जोडी लावतात. खाणं, झोपणं, गस्त सगळं बरोबर. मी सातारचा, तो खाडीकाठच्या बोनकोड्याचा आगरी. मी त्याला खाडीतला म्हणायचो, तो मला घाट्या. हे रोज सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायचं.

माझ्या पिशवीत मॉर्फिनची इंजेक्शनं असायची. त्यांचा नियम कडक. जखमीला सुई दिली की त्याच्या कपाळावर इंग्रजी एम काढायचा आणि खाली वेळ लिहायची. जखमी खाली पोचेपर्यंत चार जणांच्या हातांतून जातो. कोणी चुकून लगेच दुसरा डोस दिला तर श्वास बंद पडतो. एम म्हणजे पुढच्या माणसाला निरोप, की दिलंय, आता थांब.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गस्तीवर हिराजीचा डावा पाय सुरुंगावर पडला. गुडघ्याखाली काही उरलं नाही. मी पट्टा आवळला, सुई दिली, पेन्सिल थुंकीने ओली करून एम काढला. वेळ २.२५. मग रेडिओ घेतला.

"कॅज्युअल्टी एक, सीरियस. हेली चाहिए. ओव्हर."

"वेदर खराब. इंतजार करो. ओव्हर."

इंतजार तीन तास चालला. हिराजीने माझी बाही धरली. "सगल्या सुया दे. सोरव मना."

"गप पड. हेलिकॉप्टर येतंय."

"नाय येत."

"येतंय म्हटलं ना! तुला काय हवामान खात्यात नोकरी लागली का?"

मी त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या. घाबरलो होतो, म्हणून. साडेपाचला हेलिकॉप्टर आलं.

तो जगला. नकली पाय बसला, गावात पीसीओचा बूथ मिळाला, आणि दीड वर्षाने वैशाली झाली. बारशाला मी रजा काढून गेलो. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "ही पोर या घाट्याच्या हट्टाची." मी रडलो, त्यात लपवायचं काय! पुढे रिटायर झालो आणि खांदेश्वरला फ्लॅट घेतला. एकटा जीव, त्यामुळे रविवार ठरलेला. बोनकोडे, मंजुळावहिनींच्या हातचं कालवण, आणि शिव्या.

वैशाली चौथीत असताना हिराजीला कॅन्सर निघाला. पोटातून हाडांत उतरला होता. हॉस्पिटलने हात टेकले. एका भल्या डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं आणि सुई देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी माझं घर बंद करून त्याच्या ओटीवर मुक्काम टाकला.

एका सकाळी तो म्हणाला, "डब्यात अकरा हायेत. सगल्या एकदम दे."

"गप पड."

"तवा हेलिकॉप्टर येनार होतं. आता काय येनार हाय, सांग ना."

मी डब्याचं झाकण लावलं.

"नाईक, ऑर्डर हाय."

"रिटायर्ड हवालदाराची ऑर्डर चालत नाही."

तो हसला आणि हसताना कळवळला. दाराशी वहिनी उभ्या होत्या. मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "भावजी, मना पन तेच मागतान. काल माझा हात औषधाच्या कपाटापरत गेलता. आता नाय बघवत. तुमी नाय दिलीत त मी देईन."

मी ओटीवर जाऊन बसलो. वहिनींनी दिलं तर वैशालीचा बाप जाणार आणि आईच्या मागे पोलीस लागणार. कायदा सोडा, हिराजीचं म्हणणंही खोटं नव्हतं. तेव्हाच्या माझ्या नकारात वैशाली होती. आताच्या नकारात नुसतं दुखणं होतं. तरी माझा हात धजेना. ज्याला मरू नको म्हणून शिव्या घातल्या, त्याला मीच कसा मारू? देवाचा असा राग आला की काय सांगू!

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. दोन गोष्टी मागितल्या. दुखणं पूर्ण थांबेल एवढा डोस. आणि शेवटी नळ्या नकोत, मशीन नको.

डॉक्टर म्हणाले, "डोस वाढवला तर श्वास मंदावू शकतो. कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

त्यांनी लिहून दिलं.

हिराजीला सांगितलं, "अकरा देणार नाही. पण दुखू पण देणार नाही. हॉस्पिटल नाही, इथंच राहायचं. मी हलत नाही."

"चालंल," तो म्हणाला. मग म्हणाला, "कपालावर लिव. मंजू मायालू हाय. मी मागीन, ती देल."

मी बॉलपेनने एम काढला. वहिनींना त्याचा अर्थ समजावला. पुढचे दोन दिवस प्रत्येक सुईला जुनी वेळ पुसून नवी लिहिली. वहिनी कपाटापर्यंत जायच्या, त्याचं कपाळ बघायच्या आणि परत येऊन त्याचे हात चेपायच्या. तो शांत झोपला. जाग आली तेव्हा बोंबलाच्या कालवणाचे दोन चमचे घेतले आणि म्हणाला, "घाट्या, तुला काटं काढता येत नाय अजून." कितीतरी दिवसांनी आम्ही तिघं हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी १०.४०ला सुई दिली, लिहून दिली होती तेवढीच. सव्वाबाराला तो गेला. एक हात वहिनींकडे होता, एक माझ्याकडे.

त्या डोसने तो गेला का? डॉक्टर म्हणतात, आजाराने गेला. मला ठाऊक नाही. मी दिला, एवढं ठाऊक आहे.

शेवटची अंघोळ घालताना, इतके दिवस आजोळी ठेवलेल्या वैशालीने विचारलं, "काका, बाबांच्या कपाळावर काय लिहिलंय?"

"औषध दिल्याची वेळ, बाळा."

वहिनींनी ओलं फडकं हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "पुसू, भावजी?"

"राहू द्या, वहिनी," मी म्हणालो. "माझी सही आहे ती."