ज्वारीचा टेकू

मी गुडगावात इतकी वर्षं कसा काय टिकलो, असं विचारलंत ना? सांगतो, पण चहा आधी संपवा. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझ्या गाढवपणाची ही गोष्ट सांगून सांगून आता मलाच कंटाळा आलाय.

तेव्हा गुडगावच्या मोहरीच्या शेतांतून नुकत्याच सोसायट्या उगवायला लागल्या होत्या. आमचा फ्लॅट शेताच्या कडेला आणि ऑफिस दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गावर. घरी विजेचा पत्ता नाही, पाणी टँकरचं, आणि चार्टर्ड बसमध्ये उभ्या उभ्या डुलक्या. तीन वर्षांत मी पार पिचून गेलो होतो. अशात पुण्याच्या शाखेत एक जागा निघाली. तिथे मी जाणार की आमच्याच खात्यातला खन्ना, हे ठरवणार होते आमचे दहिया साहेब. माझ्या बायकोने, शुभांगीने, तर काचेची भांडी खोक्यात भरायलाही घेतली होती.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी विचारलं, "साठे, कभी बंदूक चलाई है?"

"एनसीसी में, सर. अच्छा निशाना था."

खरं सांगू? एनसीसीत मी एकूण पाच गोळ्या झाडल्या. त्यातली एक लक्ष्याला लागली, तीही शेजारच्याच्या.

साहेबांच्या गावी नीलगायी पीक खायच्या. त्यांच्या ताऊंनी, म्हणजे थोरल्या काकांनी, त्या मारायचा रीतसर परवाना काढला होता. "तीन हफ्ते बाद, संडे को आ जाओ," साहेब म्हणाले. "रायफल पुरानी है, भारी है, सबका हाथ हिलता है. टिकाने के लिए कुछ ले आना. ऐसा, जो उठाके खेत में ले जा सकें."

आता मी पडलो परचेस खात्यातला माणूस. तीन पर्याय समोर असल्याशिवाय मी घरचा झाडूसुद्धा घेत नाही. बंदुकीचा टेकू चुकला तर पुणं गेलं, हे मनात पक्कं बसलेलं. मग काय, तीन आठवडे घरात दुसरा विषय नाही.

पहिला पर्याय कॅमेऱ्याची तिपाई. ती शेतातल्या ओल्या मातीत एका पायाने खचली. दुसरा, दोन काठ्या नाडीने बांधून केलेली कात्री. मी बंदूक म्हणून छत्री तिच्यावर टेकवून बाल्कनीतून नेम धरला, तर समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी खाली चौकीदाराला बोलावलं.

"बाबा, टेकू म्हणजे क्या?" माझ्या मुलीने विचारलं.

"ज्याच्यावर भार टाकला तरी हलत नाही ते."

तिसरा पर्याय पिशवी. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवला. वाळू भरली, तर उचलता येईना. राजमा भरला, तर छत्री घसरायला लागली. मग स्वयंपाकघरात ज्वारीचा डबा दिसला. सासूबाईंनी सोलापूरहून कुणाच्या तरी हाती खास धाडलेली, मोत्यासारखी ज्वारी. पिशवीत भरली आणि काय सांगू, छत्री अशी घट्ट बसली की मी दोनदा खोकलो तरी ढिम्म हलली नाही.

"अहो, ती भाकरीची आहे," शुभांगी म्हणाली.

"अगं, पुण्याला गेलो की पोत्याने आणू."



रविवारी उजाडायच्या आत शेतावर पोचलो. साहेबांनी मला बांधाआड पालथं झोपवलं. रायफल दिली, काडतुसं मात्र स्वतःच्या खिशात ठेवली. "पहले जानवर आने दो," म्हणाले, आणि पन्नास पावलांवर ताऊंबरोबर खाटेवर चहा पीत बसले.

थंडी होती, धुकं होतं. मी नळी पिशवीवर टेकवली आणि बाजूला गाल टेकवला. तीन आठवड्यांचं जागरण, तीन वर्षांची दमणूक आणि गालाखाली ती मऊ पिशवी. पुढचं मला काहीही आठवत नाही.

जाग आली ती कानावर आलेल्या गरम श्वासाने. डोळे उघडले तर वीतभर अंतरावर एक भलं मोठं काळं नाक. पिशवीची शिवण उसवली होती आणि नीलगाय माझ्या सासूबाईंची ज्वारी चवीने खात होती. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तिने निवांत निम्मी पिशवी संपवली. मग साहेबांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा कुठे ती गेली.

ताऊंनी उरलेले दाणे तळहातावर घेतले. "ज्वार? अरे भाई, यो तो डांगरां का चारा सै."

त्या भागात जी ज्वारी गुरांना घालतात, ती मी शिकारीला नेली होती. पण साहेबांचं लक्ष ज्वारीकडे नव्हतंच. ते माझ्याकडे टक लावून बघत होते.

"साठे, आधा घंटा वो आपके सिर पर खड़ी थी. आप हिले तक नहीं. डर नहीं लगा?"

इथे, मित्रांनो, एकच वाक्य बोलायचं होतं. सर, मी झोपलो होतो. पण साहेबांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जन्मात पहिल्यांदा आदर दिसत होता. पुण्याची गाडी मला अगदी फलाटाला लागलेली दिसली.

"बिल्कुल नहीं, सर," मी म्हणालो. "ऐसे मौके पर हिलना नहीं चाहिए."

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गुडगावजवळच, मानेसरला, कंपनीचा नवा कारखाना उभा राहत होता. जमिनीवरून तंटा, रोज गेटवर लाठ्या घेऊन माणसं. आधीचे दोन मॅनेजर पळून गेलेले.

"वहाँ ऐसा ही आदमी चाहिए, जो हिले नहीं. पुणे खन्ना चला जाएगा. वो तो छिपकली से भी डरता है, यहाँ किस काम का?"

घरी आलो. शुभांगीने सगळं ऐकलं, खोकं उघडलं आणि एकेक कप परत फळीवर मांडायला लागली. मांडता मांडता म्हणाली, "अहो, उद्या जाऊन खरं सांगून टाका ना. झोप लागली होती म्हणावं."

उद्या सांगतो, म्हणालो. त्याला आता सात वर्षं झाली. ज्याच्या धीरावर मानेसरचा अख्खा कारखाना उभा राहिला, त्या माणसाला साहेबांना एवढं सांगायचा धीर काही अजून झालेला नाही.