पंपाचा एक फेरा

पंपवाले अप्पा गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. इंजिन चालू ठेवायला सांगून ते मागे जात, सायलेन्सरसमोर पांढरा रुमाल धरत आणि त्यावरची काजळी निरखत. "डिझेल लय खायलीय," एवढंच म्हणत. मग इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप उतरवून ते तपासायला घेत.

जिंतुरात त्यांचं पत्र्याचं शेड होतं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. शाळा निजामाच्या काळात झालेली, म्हणून वहीतला हिशेब उर्दूत. प्रत्येक गाडीचं एक पान. इंजिनाच्या किती फेऱ्यांना किती डिझेल द्यायचं, त्याचे आकडे त्यात असत.

मी ज्या जीपवर ड्रायव्हर होतो ती मूळची पेट्रोलची. मालकाने तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. अशा गाडीचे आकडे कुठल्याच पुस्तकात नव्हते. अप्पांनी आठ दिवस जीपमध्ये पोती भरून मला घाटाचा चढ चढायला लावला आणि तिचं पान तयार केलं. मग डिझेल कमी-जास्त करणाऱ्या पंपाच्या स्क्रूला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकलं. मालक जास्त ओढ मागायचे. अप्पा म्हणायचे, "ते खाईल बी आन् मरंल बी. मी न्हाई देणार."

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घाटापलीकडच्या गावात माझी बहीण दिली होती. सांजच्याला वस्ती पेटवणार, असा निरोप दुपारी आला. मालक गावाला गेले होते. मी जीप घेऊन निघालो, पण आधी अप्पांकडे गेलो.

"माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"तीसेक."

"एवढी घेऊन चढायची न्हाई ती." त्यांनी बॉनेट उघडलं. मग स्वतःच पक्कड घेऊन सील तोडलं आणि स्क्रू एक फेरा आत घेतला. "इंजन जळंल कदाचित. जळू दे. जा."

बहीण, बाकीच्या बायका, लेकरं, म्हातारी माणसं दाटीवाटीने बसवली. बहिणीची सासू कोंडाबाई तेवढी चढेना. "आधी लेकरं न्या. मी दुसऱ्या खेपंला येते," म्हणाली. तिच्याबरोबर दोघं-तिघं थांबले.

काळा धूर सोडत जीप चढ चढली. जिंतूरच्या नाक्यावर पोहोचली आणि इंजिन जाम झालं. दुसरी गाडी मी दारोदार मागितली. कुणी दिली नाही. तोवर संध्याकाळ झाली होती. थांबलेले बाकीचे ज्वारीत लपून वाचले. कोंडाबाईला पळता आलं नाही.

माझी नोकरी गेली. अप्पांनी ते इंजिन स्वतः खोललं, वितळलेला पिस्टन हातात घेऊन उजेडात निरखला. आमच्या माणसांसाठी सील तोडलं म्हणून गावातल्या गाडीवाल्यांनी त्यांच्याकडे जाणं बंद केलं. वर्षभरात शेड मोडून ते पूर्णेला लेकीकडे राहायला गेले.

मी अधूनमधून भेटायला जायचो. दर वेळी ते विचारत, "किसन, चढाला गिअर कंचा होता?"

"पहिला, अप्पा. जेमतेम चढली."

"मंग अर्धा फेरा पुरला नसता?"

"नसता पुरला."

मी खोटं सांगत होतो. जीप दुसऱ्या गिअरात चढली होती. तिच्यात ओढ शिल्लक होती, आणि तरीही मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबूनच ठेवला होता.

विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली, तेव्हा अप्पा खाटेला खिळले होते. मी पूर्णेला गेलो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. या वेळी माझ्याने राहवलं नाही.

"दुसरा होता, अप्पा. तुमचा फेरा जास्त झाला नाही. माझा पाय जास्त पडला. जरा सैल सोडला असता तर कोंडाबाई आली असती."



"पिस्टन बघितला तवाच वळखलं मी," ते हळू आवाजात म्हणाले. "तू मोकळा व्हावा म्हनून इचारायचो. बहीण बसली होती ना गाडीत. कोन पाय काढंल?"

लेकीने चहा आणला. मी अप्पांना धरून बसवलं आणि आम्ही दोघांनी तो प्यायला.