गाळणीकाकांची धूळ

दूरच्या एका ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानाने पाठवलेली छायाचित्रे सर्वांत आधी ज्यांच्या नजरेखालून जात, त्यांना कार्यालयात सगळे गाळणीकाका म्हणत. चित्रातले ढग कोणते आणि कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ कोणती, हे निवडणे एवढेच त्यांचे काम. पण अठरा वर्षे ते त्यांनी अशा थाटात केले, की जणू त्या ग्रहाची हवा त्यांना विचारूनच बदलत असावी. स्वतःची छत्री मात्र ते हमखास घरी विसरत.

त्यांचा नियम साधा होता. ढग वाहतात, धूळ जागची हलत नाही. गेले अकरा दिवस एक पांढुरका ठिपका प्रत्येक चित्राच्या त्याच कोपऱ्यात ठाण मांडून बसला होता. काकांनी नोंदवहीत अकरा वेळा ठसठशीत ‘धूळ’ लिहिले.

बाराव्या दिवशी यान किंचित कलले आणि काकांचा चहा तसाच निवला. काचेवरची धूळ कोपऱ्यातच राहायला हवी होती. ठिपका तर ग्रहाबरोबर सरकला होता. ते वादळ होते. यानाची फेरी आणि ग्रहाची गिरकी अशी जुळली होती, की ते वादळ रोज वेळेवर त्याच जागी हजेरी लावत होते. दुपारच्या बैठकीत कॅमेरा महिनाभरासाठी ध्रुवाकडे वळवायचे ठरणार होते. गप्प राहावे तर वादळ हातचे जाणार. बोलावे तर अठरा वर्षांची ऐट.

त्यांनी घरी फोन लावला. पत्नीने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“घरातली धूळ तुम्हाला कधी दिसली नाही, आणि तिकडे नसलेली दिसली?” ती म्हणाली. “जा, सांगून टाका आधी.”

काकांचे ऐकून कार्यालयाच्या प्रमुख बाईंनी नोंदवही चाळली.

“अकरा वेळा, काका?”

“अकरा वेळा, बाई. अक्षर माझंच आहे.”

बाईंनी हसू ओठांत दाबले आणि कॅमेरा आहे तिथेच ठेवायला सांगितले. कारकुनाने खोडायची पांढरी शाई पुढे केली, ती काकांनी परतवली. प्रत्येक ‘धूळ’वर एकेक रेघ ओढली, शब्द वाचता येईल अशी, आणि शेजारी सही केली.

संध्याकाळी पत्नीने खिडकीच्या काचेवरचा एक ठिपका दाखवला. काकांनी तो समोरून पाहिला, मग मान कलती करून पाहिला.

“धूळच आहे,” ते म्हणाले.

“खात्री आहे ना?” म्हणत तिने फडके त्यांच्या हातात दिले.