खारींचे दहा महिने

माझ्या थोरल्या दिरांइतका कडक न्यायाधीश इंदूरच्या कोर्टातही कधी बसला नसेल, आणि त्यांच्यापुढे येणारे सगळे अर्जदार या जगात नसलेले. निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांकडे लक्ष देतात. महूच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेले भाऊजी मात्र एका खेळाचं नियमपुस्तक लिहायला बसले. शाळेतल्या पोरांनीच त्यांना त्याची चटक लावली होती. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण कुठल्यातरी काल्पनिक जमातीतलं पात्र होतो, एक जण, आमच्याकडे भाऊजी, गोष्ट पुढे नेतो आणि कोण जगलं, कोण मेलं ते फासा ठरवतो. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरी दर रविवारी दुपारी हे चालायचं. सिमरोलच्या कॅम्पसवर नोकरी करणारा सहा फुटी इलेक्ट्रिशियन बुटका व्हायचा आणि शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर यक्ष. मी सरकारी कचेरीत फायली सांभाळते. मला हा रिकामटेकडेपणा वाटे आणि तसं मी सांगतही असे.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण म्हणजे मूळ नियमांत कुठल्या जमाती घ्यायच्या. त्या एका प्रकरणात चार वर्षं गेली. भाऊजी दिसेल त्याचं मत घ्यायचे. माझ्या भाचीला बघायला स्थळ आलं, तेव्हा बाकीचे नोकरीची चौकशी करत होते आणि यांनी मुलाला विचारलं, खेळात तुम्ही कोण व्हाल? तो गोंधळून म्हणाला, माणूस. पाहुणे जिना उतरायच्या आत भाऊजींचा निकाल तयार होता, "मुलगा बरा आहे, पण माणूसच राहणार." लग्न झालं, तो माणूसच राहिला, भाचीची काही तक्रार नाही.

नुसत्या कल्पनेवर कोणाला आत घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. जमात आमच्या टेबलावर पूर्ण बारा महिने खेळली गेली तरच मूळ पुस्तकात, नाहीतर मागे परिशिष्टात. मधेच पात्र मेलं तर वर्ष तुटलं. या खेळाच्या लोकांचे जीव की प्राण असलेले टोकदार कानांचे एल्फ त्यांनी असेच बाहेर काढले, कारण एल्फ खेळणाऱ्या बँकवाल्याची आठ महिन्यांनंतर भोपाळला बदली झाली. इलेक्ट्रिशियन गयावया करायचा, "सरजी, एल्फ के बिना किताब कौन लेगा?" उत्तर ठरलेलं, इंदुरी थाटात, "नियम म्हणजे नियम, भिया."

एका दिवाळीला माझ्या जाऊबाई, वहिनीही खेळायला बसल्या, चहा आणून आणून कंटाळल्या होत्या म्हणून. मारामारी नको म्हणून त्यांनी स्वतःचीच जमात काढली, खारी. हातभर उंच, कोणाशी लढत नाहीत, बोलून संकट टाळतात, आणि जो जखमी असेल त्याच्याजवळ बसून राहतात. भाऊजी म्हणाले, असल्या जमातीचे नियम तरी काय लिहायचे. वहिनी मटार सोलत म्हणाल्या, "लिहू नका. मी खेळते, तुम्ही बघा."

भाद्रपदात वहिनी गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस. खेळ बंद पडला, टेबलावर वर्षभर कपड्यांच्या घड्या पडत राहिल्या.

मग एक दिवस भाऊजींनी वह्या माझ्यापुढे ठेवल्या आणि टाइप करून द्या म्हणाले. मी पानं चाळली. खारी परिशिष्टात होत्या. वर भाऊजींच्याच अक्षरात, तांबड्या शाईने: "दहा महिने. अपात्र." मी विचारलं तेव्हा म्हणाले, बँकवाल्याला लावलेला नियम घरच्या माणसाला सोडून कसा चालेल? आवाज थेट वर्गातला. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही ताट तसंच परत आलं.

मला समजूत घालता येत नाही. नियम वाचता येतात. मी नियमाचं पान दोनदा वाचलं.

"भाऊजी, वर्षभर एकाच माणसाने खेळायचं असं कुठे लिहिलंय?"

त्यांनी वही स्वतःकडे वळवून नियम वाचला. "मग एल्फही आत येतील."

"येऊ द्या. दोन महिने मी बसते."

टेबल मोकळं झालं. एल्फांचे उरलेले चार महिने इलेक्ट्रिशियनने बुटक्यासोबत तिथल्या तिथे अंगावर घेतले. भाऊजींनी वहिनींच्याच पात्राचा कागद माझ्यापुढे सरकवला. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, ताकद तीन. म्हणजे एक घाव बसला की संपलं. मी फार वाईट खेळले. दर वेळी पुढे धावायची, आणि सगळे मला सांगायचे, खारी असं करत नाहीत, वहिनी असत्या तर आधी बोलल्या असत्या. हळूहळू मी बोलायला शिकले.

शेवटच्या रविवारी गोष्टीत लांडगा आला. बुटका जखमी होऊन पडला होता आणि मी त्याच्याजवळ बसले होते, उठले नाही. भाऊजींनी लांडग्याच्या घावासाठी फासा टाकला. फासा ते नेहमी सगळ्यांसमोर उघडा टाकत. त्या दिवशी तो थांबताच त्यांनी वर तळहात ठेवला. मी शेजारीच होते. मला आकडा दिसला होता.

"लांडग्याचा नेम चुकला," ते म्हणाले.

मी चहा ठेवायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले, तरी त्यांचा हात तिथून हलला नव्हता.