चौथ्या सीडीपर्यंत

माझा भाऊ गेला तो शुक्रवार होता. सकाळी तो मोटारसायकल घेऊन मुरगूडला गेला. दुपारी फोन आला. संध्याकाळी आम्ही त्याला पुरलं.

शिवारातून उसाची ट्रॉली रस्त्यावर आली, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. जास्त कुणी विचारलं नाही. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या कसबा बावड्यात रात्रंदिवस ट्रॉल्यांचा आवाज असतो. त्या आवाजात मी लहानाची मोठी झाले होते. त्या दिवसानंतर तो आवाज मला ऐकू येऊ लागला.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत आणि आडवंही ठेवत नाहीत. मांडी घालून, बसवून पुरतात. तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग, कपाळाला विभूती, अंगावर बेलाची पानं, आणि मग मीठ आणि माती. तो शिवात मिळाला, असं म्हणतात. शिवात मिळालेल्याचा विटाळ कसला, म्हणून आमच्याकडे सुतक मानत नाहीत. दुसऱ्या दिवशी अव्वा, म्हणजे माझी आई, पहाटे उठली आणि म्हशींची धार काढायला गेली.

ती रडली नव्हती. घरी आणलं तेव्हा नाही, उचललं तेव्हाही नाही. आमच्या घरातल्या बायका रुद्रभूमीच्या, म्हणजे आमच्या दफनभूमीच्या, अलीकडच्या वळणापर्यंतच जायच्या. तिथं ती उभी राहिली आणि वळून घरी आली. गडहिंग्लजकडून आलेल्या मावश्या आणि आत्या माझ्या कानाशी लागून एकच सांगत होत्या, "अक्का, तिला रडव. न्हायतर डोस्क्यावर परिणाम हुतोय." मी शहरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. घरातली शिकलेली मी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. एखाद्याला रडवायचं कसं, ते मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

अप्पा, माझे वडील, तेही बोलत नव्हते. पण ते आधीपासूनच कमी बोलायचे. मला एवढंच दिसलं की रुद्रभूमीतून आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर टॉवेल नव्हता.

पाहुणे गेले. घरात आम्ही तिघं उरलो. एका दुपारी अव्वानं भांडी घासून हात पुसले आणि टीव्ही लावला. मी दचकले. सुतक नसलं तरी लोकलाज असतेच. शेजारच्या काकूंनी आमच्यासाठी त्यांच्या घरचा टीव्ही बंद ठेवला होता, आणि आमच्याच घरातून आवाज येणार होता. पण अव्वानं टीव्हीचं चॅनेल लावलं नाही. तिनं सीडी प्लेअरचं बटण दाबलं.

आत सीडी होती. ती भावानं घातलेली होती.

त्याचा एक मित्र पुण्यात नोकरीला होता. तिथं कोरियाचे इंजिनिअर यायचे. त्यांच्याकडून या मित्राला कसलीशी मालिका मिळाली होती. जुन्या राजाराण्यांच्या काळातली, तलवारी, डोंगरातल्या देवता, चेटूक असं सगळं तिच्यात होतं. भावानं पहिल्या चार भागांच्या सीड्या करून आणल्या होत्या, आणि त्यांच्यावर मार्करनं आकडे घातले होते. पहिली अव्वा, तो आणि मी अशा तिघांनी मिळून बघितली होती. भाषा कोरियन, खाली इंग्रजी अक्षरं. मी वाचून मराठीत सांगायचे आणि तो मधेच म्हणायचा, "अक्का, तू बातम्या सांगितल्यागत सांगू नगंस की. जरा तलवार काढ!" अव्वा हसून हसून खाली बसली होती. गुरुवारी संध्याकाळी त्यानं दुसरी घातली आणि लाईट गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. "उद्या बघू," म्हणाला.

ती दुसरी सीडी आता सुरू झाली.

पहिल्या भागात जो पोरगा आम्हाला आवडला होता, सरहद्दीवरच्या किल्ल्याचा तरुण पहारेकरी, तोच या गोष्टीचा नायक होता. त्यात शंकाच नव्हती. त्याच्या लहानपणापासून गोष्ट सुरू झाली होती. त्याला डोंगरावरच्या एका पांढऱ्या केसांच्या बाईनं वाचवलं होतं, त्याच्या हातावर खूण होती, गाणं वाजायचं ते तो आला की. मी शेकड्यानं कादंबऱ्या वाचल्या होत्या. नायक म्हणजे काय ते मला कळत होतं. म्हणून तो तुरुंगाच्या दारातून पाठमोरा निघाला, मागून त्याच्याच सरदारानं भाला मारला, तेव्हाही मी निर्धास्त होते. आता कुणीतरी येईल. पांढऱ्या केसांची बाई येईल. कुणी आलं नाही. तो पडला. त्याचे डोळे उघडे राहिले. कॅमेरा तिथून हललाच नाही.

गोष्टीनं असं करायचं नसतं, असं मी जवळजवळ मोठ्यानं म्हणाले. मी उठून बटणाकडे गेले.

"ऱ्हाऊ दे," अव्वा म्हणाली.

"अव्वा, नको हे आत्ता."

"ऱ्हाऊ दे म्हटलं की. बघू दे."

मग त्याची अंत्ययात्रा आली. जाडेभरडे कपडे, कमरेला दोर, डोक्याला दोर. बायकापुरुष सगळे जमिनीवर वाकून आक्रोश करत होते. डोंगराच्या उतारावर खड्डा होता. अव्वा पुढं सरकली.

"ह्यांच्यात बी पुरत्यात?"

"व्हय."

"आडवा?"

"आडवाच दिसतोय."

तिनं मान हलवली. कुणाच्या तरी घरची रीत आपल्याहून वेगळी आहे एवढंच समजून घेतल्यासारखी. त्या उतारावर गवताचा गोल उंचवटा झाला आणि सीडी संपली. कितीतरी दिवसांनी ती एवढं बोलली, म्हणून मला बरं वाटलं. मावश्या म्हणत होत्या ते काम ही मालिका करील, असं मला वाटून गेलं.

पुढच्या दुपारी काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. शेजारच्या त्या, मराठ्यांच्या, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. तिसरी सीडी चालू होती. काकू चौकटीत उभ्या राहून बघायला लागल्या.

"कुठलं गं हे? नेपाळचं?"

"कोरियाचं."

"बाई! सगळ्यांची तोंडं एकाच साच्यातली की. ह्यातला मेलेला कंचा आन् जित्ता कंचा?"

"मेलेला दिसत न्हाय. मातीखाली हाय त्यो," अव्वा म्हणाली.

काकूंनी जीभ चावली आणि खाली बसल्या. त्या भागात त्या पोराची आई रोज उंचवट्यापाशी भाताचा वाडगा घेऊन यायची, गवत हातानं सारखं करायची आणि निघून जायची. बाकी सगळं राजवाड्यातलं कारस्थान. अव्वा कारस्थानाच्या वेळी शेंगा फोडायची आणि ती बाई आली की हात थांबवायची.

चौथ्या भागाला काकू मुद्दाम आल्या. पांढऱ्या केसांची बाई डोंगरावरून खाली उतरली. तिनं उंचवट्यावर कान टेकला. खाली इंग्रजीत आलं आणि मी वाचलं, "श्वास चालू आहे." मग काहीच झालं नाही. नुसतं गवत, वाऱ्यावर हलणारं. आणि त्या गवतातून हात वर आला.

काकू किंचाळल्या. शेंगांची पितळी पालथी झाली. माझाही हात तोंडावर गेला. तो हात खराच वाटत होता. नखांत माती, बोटं आखडलेली, माती उकरणारी. मग डोकं. मग तो पूर्ण बाहेर आला आणि उभा राहिला, आणि त्याचं ते गाणं वाजलं.

"भूत गं बाई, भूत!" काकू पदरानं तोंड पुसत हसायला लागल्या. "आमच्यात असली भानगड न्हाय बघ. राख झाली की मिटलं—"

त्या थांबल्या. अव्वाकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. पण अव्वाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. सीडी संपून पडदा निळा झाला होता आणि ती निळ्या पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलका झाला होता. ते बघून मला आनंद झाला. तिचं ओझं उतरलं, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती.

गोठ्यात धार काढून झाली होती. बादली झाकलेली, पण दूध गाळलं नव्हतं. तांब्या जाग्यावर नव्हता. विहिरीकडे आधी मी धावले, कारण मावश्यांचे शब्द डोक्यात होते. अप्पा गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी तांब्याची रिकामी जागा बघितली आणि म्हणाले, "तिकडं न्हाय. चल."

वळण आलं तिथं माझे पाय थांबले. अप्पा थांबले नाहीत. मग मीही गेले. रुद्रभूमीत मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं.

समाधीवर अजून दगड बसवला नव्हता. नुसती माती आणि वाळलेली बेलाची पानं. अव्वा त्या मातीवर पालथी होती. कान जमिनीला लावलेला. शेजारी दुधाचा तांब्या, त्यावर फेस अजून होता.

"अव्वा, ऊठ."

"गप. ऐकू दे."

"काय ऐकतीस?"

तिनं मान उचलली नाही. बोलली ती अगदी नेहमीच्या आवाजात, चूल पेटत नाही असं सांगावं तसं. "त्याला तर आडवा निजवला हुता, तरी उठला. आपला बसलाय, अक्का. बसलेल्या माणसाला उठायला कितीसा येळ लागतोय?"

मी तिथंच खाली बसले. वेडसर बाईचं बोलणं नव्हतं ते. काकूंच्या घरात, गावातल्या कितीतरी घरांत हा विचार कुणाच्या मनाला शिवलाच नसता. तिथं राख होते. आमच्याकडे पोरगा अख्खा होता, डोळ्यांदेखत मांडी घालून बसलेला, फार तर चार हात मातीखाली. तिनं जे बघितलं त्यावरून तिनं हिशेब केला होता आणि त्या हिशेबात मला चूक दाखवता येईना. ती मालिकेतली गोष्ट आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आपल्यात माणूस शिवाशी एक होतो, परत येत नाही, हे तर तिनंच मला शिकवलं होतं.

अप्पांनी चपला काढल्या. समाधीच्या दुसऱ्या बाजूला ते बसले. बराच वेळ माती हातानं सारखी करत राहिले.

"आत मी उतरलोतो," ते म्हणाले.

अव्वाचा कान मातीलाच होता.

"स्वामी म्हणालं, बापानं उतरू नये, दुसरं कुणीतर उतरू दे. मी म्हटलं, माझा हाय, मीच बसवणार. बसवला. मांडी नीट घातली. हात मांडीवर ठिवला, लिंग दिलं. पर मान ऱ्हाईना. एकदा हिकडं पडायची, एकदा तिकडं. मोडलीती. मी धरून ऱ्हायलो. किती येळ धरणार? वरनं लोक बघायलेले. शेवटाला खांद्यावरचा टॉवेल काढला आन् त्येच्या मानंला गुंडाळला, मागं खड्ड्याच्या भितीला पाचर मारून घेतली, तिला बांधला. मग ऱ्हायली."

टॉवेल. मी तो रोज शोधत होते, दोरीवर, खुंटीवर.

"मग मीठ वतलं. गळ्यापतोर मी वतलं माझ्या हातानं. त्येच्या म्होरं जमलं न्हाय. वर वढून घेतला मला."

अव्वानं हळूहळू मान उचलली. तिच्या गालाला आणि कानाला माती लागली होती. अप्पांकडे तिनं बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

"मान सरळ ऱ्हायली?"

"ऱ्हायली."

"नीट बघितलासा?"

"व्हय. नीट बघितलं."

"पडली न्हवती परत?"

"न्हाय. सरळ बसलाय. बापय माणसागत बसलाय."

तेव्हा ती रडली. असा आवाज मी माणसाचा ऐकला नव्हता. मी तिला धरायला गेले तर अप्पांनी हातानं थांबवलं. ते उठले नाहीत, तिच्या जवळही गेले नाहीत. दोघं समाधीच्या दोन बाजूंना बसून राहिले. मी तांब्यातलं दूध मातीवर ओतलं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

महिन्यानं पुण्याचा मित्र भेटायला आला. चहा पिऊन झाल्यावर त्यानं संकोचत पिशवीतून सीड्यांचा गठ्ठा काढला. "अव्वा, तुम्ही बघत होता असं कळलं. पुढचे सगळे भाग आणलेत."

अव्वा तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "त्यो उठला न्हवं?"

"हो, उठतो ना. पुढं तर काय होतं—"

"सांगू नगंस. उठलाय, तेवढं बास की." मग त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "जेवून जा पावणं. तुझ्या मित्राला वांग्याची भाजी आवडायची, केलीया."

तो जेवला. जाताना गठ्ठा परत घेऊन गेला. त्या पोराचं पुढं काय झालं, त्यानं सूड घेतला का, आईला भेटला का, ते मला माहीत नाही. नंतर ती मालिका शोधणं सोपं झालं. मी शोधली नाही.

अव्वा जाऊन आता काही वर्षं झाली. भावाच्या शेजारी तिला बसवली. तेव्हा मी वळणावर थांबले नाही, खड्ड्याच्या कडेला उभी राहिले. तिची मान सरळ होती.

अप्पा आहेत. खांद्यावर टॉवेल घेत नाहीत. आकडे घातलेल्या चार सीड्या माझ्या कपाटात आहेत. त्या लावायचा प्लेअर आता घरात नाही.